चर्च हाऊसच्या माडीवरची नावं

ऐका, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी कवळी उद्याच्या चहात विरघळू दे. डॅगलकोंबमध्ये मला थापाडी म्हणणारे पुष्कळ आहेत. चर्चच्या मनोऱ्यावर गाय चढल्याची गोष्ट मी जरा फुगवली होती, कबूल. ती बिचारी दोनच पायऱ्या चढली होती. पण हे तसं नाही. हे सगळं घडलं, आपल्याच गावात घडलं, आणि ज्यांच्या बाबतीत घडलं त्यांना ते आठवलं की आजही मान वर करवत नाही.

१

नोव्हेंबरातला शुक्रवार. सकाळी नऊ वाजता चर्चच्या चाव्या सांभाळणाऱ्या रेज टकेटनं चर्च हाऊसचं, म्हणजे चर्चच्या मालकीच्या जुन्या घराचं, कुलूप काढलं, म्युरियल पास्को त्याच्या मागोमाग जिना चढली, आणि माडीच्या दारातच दोघं थबकली.

भिंत कोरी होती. पांढरीफटक.

आदल्या दिवशी, गुरुवारी चार वाजता, त्याच भिंतीवर पोरांची नावं होती. कोळशानं लिहिलेली, आणि प्रत्येक नावाशेजारी एक आडवी रेघ, आपण दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मोजून मारतो तशी. बुधवारी रेजनं भिंतीवरच्या जुन्या फळ्या उचकटल्या तेव्हा ती सापडली. गुरुवारी चर्च हाऊसच्या कमिटीतल्या चौघांनी ती पाहिली. साडेचारला रेजनं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. शनिवारी अकराला काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, जुन्या इमारतींची तज्ज्ञ बाई ती नावं बघायला यायची होती.

"चुना," म्युरियल म्हणाली. "कुणीतरी चुना फासलाय."

"फासलाय खरा," रेज म्हणाला. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. भिंतीकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"तू बुधवारी वाचली होतीस ना नावं? कुणाची होती?"

"चष्मा नव्हता माझ्याकडे, मिसेस पास्को."

आता रेजला कुणी जन्मात चष्मा लावलेला पाहिला नव्हता. चर्चच्या शेवटच्या बाकावरून तो पाटीवरचे भजनांचे आकडे वाचायचा. पण म्युरियलला त्या वेळी ते सुचलं नाही. तिला भलतंच सुचलं.

म्युरियल म्हणजे कोण, तर गावचं पोस्ट तीस वर्षं चालवलेली, आणि 'डॅगलकोंबची जुनी घरं' हे बत्तीस पानी पुस्तक लिहिलेली बाई. कुठल्या घराची तुळई कुठल्या सालची, कुणाची खिडकी कुणी बुजवली, सगळं तिला पाठ. माहेरची व्हिटलॉक. पणजोबा एनॉक व्हिटलॉक म्हणजे मोठा शेतकरी, हे पुस्तकाच्या तिसऱ्याच पानावर होतं. तिची एक सवय वाईट होती. आधी बोलायची, मग बघायची. त्याच वसंतात चर्चच्या मागच्या खोलीला रेज चुना देत होता, तेव्हा ही दारातून ओरडली होती की हा काय रंग म्हणायचा, सगळे डाग तर तसेच दिसतायत. रेज म्हणाला होता, चहा पिऊन या. ती चहा पिऊन आली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

या शुक्रवारी मात्र ती बोलली.

"रेज, किल्ली तुझ्याकडे. चुन्याची बादली गावात एकट्या तुझी. चुना तुझ्या शेडमधला."

"हो," रेज म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. मी नाही केलं." आणि जिना उतरता उतरता म्हणाला, "भिंतीला जरा हात लावून बघा."

तिनं लावला नाही. ती तरातरा कमिटी बोलवायला गेली.

२

कमिटी म्हणजे चार माणसं. म्युरियल. तिचा नवरा क्लेमंट, शाळेतून निवृत्त झालेला, सभेचं इतिवृत्त लिहायचा आणि चहा करायचा. ब्रेंडा क्रॉकर, चर्चचा कारभार बघणारी वॉर्डन. क्रॉकर मंडळी चारशे वर्षं इथली आणि ते तुम्हाला दर दहा मिनिटांनी कळायचं. आणि गाइल्स फेन, लंडनहून आलेला, शेजारचं धान्याचं कोठार विकत घेऊन त्यात सुट्टीतली घरं काढायच्या विचारात असलेला.

दुपारी बारा वाजता खालच्या खोलीत सगळे बसले. रेज उभा. म्युरियलनं बोट वर करून एकेक मुद्दा सांगितला: किल्ली, बादली, चुना. पोस्टात हरवलेल्या पार्सलचा जाब विचारावा तसा तिचा आवाज खणखणीत होता.

"कशाला करेल पण तो?" गाइल्स म्हणाला.

"त्याला कोरी भिंत बघवते, लिहिलेली बघवत नाही," ब्रेंडा म्हणाली. "माझ्या आजीच्या थडग्यावरचं शेवाळंसुद्धा त्यानं घासून काढलं. सुंदर शेवाळं होतं."

"तुम्हीच सांगितलंत, मिस क्रॉकर."

"मी पुसायला सांगितलं होतं."

क्लेमंटनं कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला. "हे... हे असं लगेच नको," तो म्हणाला. "ओलही असेल. जुन्या भिंती काय, कधी काय करतील."

"ओल पांढरी नसते, क्लेम," म्युरियल म्हणाली. सगळे हसले. रेज सोडून. आणि क्लेमंट सोडून.

ठरलं असं, की उद्या काउंटीच्या बाईसमोर शोभा नको, म्हणून रेजनं शनिवारी अकराच्या आत चर्चच्या चाव्या टेबलावर आणून ठेवायच्या. चर्चच्या, घंटाघराच्या, सगळ्या. चाळीस वर्षं त्या त्याच्याकडे होत्या, त्याआधी त्याच्या बापाकडे. मोठी घंटा तोच ओढायचा. चाव्या गेल्या म्हणजे घंटा गेली, आणि घंटा गेली की डॅगलकोंबमध्ये रेज टकेट म्हणजे फक्त एक चुना फासणारा चोर.

"बरं," रेज म्हणाला. एवढंच. त्याचा चेहरा उतरला नाही, म्हणून म्युरियलला तो निर्ढावलेला वाटला.

घरी जाताना मात्र त्याचं एक वाक्य तिच्या डोक्यात घोळायला लागलं. भिंतीला हात लावून बघा. कुणी गुन्हेगार असं म्हणतो का?

ती अर्ध्या वाटेतून परत फिरली.

३

माडीवर जाऊन तिनं भिंतीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. पुन्हा फिरवलं, तर पिठासारखी भुकटी बाहीवर पडली. चष्मा पुसून जवळ गेली, तेव्हा चुन्याला बारीक बारीक भेगा दिसल्या, उन्हाळ्यातल्या डबक्याच्या तळाला पडतात तशा.

आता रेज चुना कसा देतो हे सगळ्या गावाला माहीत. आधी भिंत न्हाऊ घालतो. मग दुधासारखा पातळ हात, तो वाळला की दुसरा, मग तिसरा. त्याचा चुना वीस वर्षांत कुणाच्या कोटाला लागला नाही. हा कुणीतरी कोरड्या भिंतीवर सायीसारखा जाड थापला होता, एकदाच, घाईत. कोपऱ्यातला रॉकेलचा हीटर तिनं हलवून पाहिला. टाकी खडखडीत रिकामी. रात्रभर जळला होता. त्या आचेनं चुना झटकन वाळला आणि भुकटी झाला.

रेजनं केलं नव्हतं.

म्युरियल खुर्चीवर बसली. बारा वाजताचा आपला खणखणीत आवाज तिला ऐकू यायला लागला, आणि थंडीतही तिचे कान गरम झाले. पण मग किल्ली? साडेचारपासून नऊपर्यंत किल्ली रेजच्याच खिशात होती, आणि चार वाजता तर चौघांनी नावं आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

ती उठली आणि गाइल्स फेनकडे गेली. तज्ज्ञ बाईनं त्या भिंतीला महत्त्व दिलं असतं तर आजूबाजूला एक वीटही हलवायला परवानगी लागली असती. नावं पुसायचं कारण कुणाला असेल तर यालाच.

"मला?" गाइल्स म्हणाला. "अहो म्युरियल, मला ती नावं हवी होती. लंडनचे लोक भुतांच्या नावानं खोली आधी घेतात. तुमची भिंत गेली आणि वर माझी पॅन्टही गेली."

"पॅन्ट?"

"गुरुवारची. क्लेमंटनं दोरी बांधली होती ना, जवळ जाऊ नका, गिलावा पडेल म्हणून? मी जरा वाकून हात लावलाच. गार, ओली, मासळीसारखी लागली भिंत. हात पॅन्टला पुसला. तेव्हा काहीच दिसलं नाही. घरी येऊन शेकोटीपाशी बसलो तर मांडीवर पांढरा पंजा. बघा."

काळी कॉर्डरॉय पॅन्ट त्यानं आणून दाखवली. पाचही बोटं स्वच्छ उमटली होती.

म्युरियल त्या पंजाकडे बघत राहिली. मग ती तडक ब्रेंडाकडे निघाली.

४

ब्रेंडा क्रॉकर स्वयंपाकघरात मुरंबा ढवळत होती.

"ये, म्युरियलबाई. आता कुणाला लटकवायला निघालीस?"

"तू गुरुवारी किती वाजता आलीस?"

"चारला. तुझ्या पुढ्यात. तुझा नवरा आधीच होता, साडेतीनपासून. रेजनं त्याला दार उघडून दिलं आणि स्वतः घड्याळाला चावी द्यायला गेला. खुर्च्या मांडायच्या, हीटर लावायचा. दमून घामाघूम झाला होता बिचारा. चार खुर्च्या मांडून." तिनं चमचा चाटला. "आणि मी का पुसेन गं? चर्च हाऊस गावातल्या निराधारांना ठेवायचं घर होतं तेव्हा क्रॉकर त्यांना पाव द्यायचे. आम्हाला लपवायला काय? लपवलंस तू."

"मी?"

"तुझं पुस्तक. बीअर गाळायची जागा होती, त्यावर तीन पानं. शाळा झाली, त्यावर चार. आणि मधली शंभर वर्षं? 'काही काळ ही वास्तू गावाच्या कामासाठी वापरात होती.' मी मोठ्यानं हसले होते वाचून."

 ते वाक्य तिनं सात वेळा लिहून सात वेळा खोडलं होतं, हे फक्त एका माणसाला माहीत होतं. टाइप त्यानंच केलं होतं.

"ब्रेंडा, गुरुवारी तुला नावं वाचता आली?"

"अंधारून आलेलं, दिव्याची वायर काढलेली, वर ती दोरी. धुक्यातून बघितल्यासारखं दिसत होतं सगळं. मला वाटलं मोतीबिंदू पिकला."

म्युरियलनं गुरुवारी चष्मा तीनदा पुसला होता. तिला आपलीच काच खराब वाटली होती. भिंत ओली दिसतेय असंही कुणीतरी म्हणालं होतं, आणि क्लेमंट म्हणाला होता, पाऊस येणार असला की जुन्या भिंतींना घाम येतो.

पाऊस आला नव्हता.

ओला चुना दुधाच्या पाण्यासारखा असतो. त्यातून सगळं दिसतं. तो पांढरा होतो तो वाळल्यावर. चहा पिऊन या, रेज म्हणाला होता. म्हणजे चार वाजता चौघं भिंतीपुढे उभे होते तेव्हा काम झालेलं होतं. नावं चुन्याखाली होती, आणि सगळे चुन्यातून बघत होते. रात्री किल्ली कुणाच्या खिशात होती याला काडीचा अर्थ नव्हता. साडेतीन ते चार माडीवर कोण होतं, एवढंच विचारायचं होतं.

आणि त्याचं उत्तर मुरंबा ढवळता ढवळता ब्रेंडानं देऊन टाकलं होतं.

५

घरी क्लेमंट मागच्या दारात दोरीवर लोकरी जॅकेट वाळत घालत होता. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात त्यानं स्वतःचा रुमालही धुतला नव्हता. उजव्या हाताची बोटं लाल, सालटी निघालेली. सकाळी म्हणाला होता, मोरीत सोडा टाकताना लागला.

"क्लेम," ती म्हणाली, "चुना हाताला चावतो. रेज हातमोजे घालतो."

तो पायरीवर बसला. 

"मला वाटलं, फासलं की जाईल," तो म्हणाला. "फासलं तर सगळं तसंच दिसतंय. चार वाजायला पाच मिनिटं. काय करणार? दोरी बांधली. तुम्ही आलात आणि तू चष्मा पुसायला लागलीस, तेव्हा मला वाटलं मी तिथंच मरतो. सकाळी तू म्हणालीस भिंत पांढरी झाली, तर मलाच खरं वाटेना."

"कुणाचं नाव होतं?"

"कशाला विचारतेस."

"क्लेम."

"एनॉक व्हिटलॉक. तीनदा. तीन वर्षं."

ती त्याच्याशेजारी पायरीवर बसली. 

"आणि रेज?" ती म्हणाली. "मी त्याला सगळ्यांदेखत चोर म्हटलं आणि तू बशीत चहा सांडत बसलास?"

"बोललो असतो तर का केलं ते सांगावं लागलं असतं. तुझ्यासमोर. ब्रेंडासमोर." त्यानं बोटं पाहिली. "पण हेही सांगतो, राणी, तुला माहीत होतं. काउंटीच्या कागदांत तू ते नाव वीस वर्षांपूर्वी वाचलंस. येताना गाडीत शब्द बोलली नाहीस. मग मला ते वाक्य टाइप करायला दिलंस. तू शाईनं केलंस, मी चुन्यानं."

यावर ती चिडायला हवी होती. चिडायला तिनं तोंड उघडलंही.

"रेजला कळलंय," क्लेमंट म्हणाला. "बुधवारी फळ्या काढताना त्यानं माझ्याआधी वाचलं होतं. म्हणाला, मिसेस पास्कोंना सावकाश सांगा. आणि बादली त्याच्याच शेडमधून मी नेली होती. भिंत बघून त्याला एका क्षणात कळलं असणार."

"मग तो गप्प का?"

 उत्तर दोघांनाही माहीत होतं. तिच्या पणजोबाचं नाव ब्रेंडा क्रॉकरच्या मुरंब्यात पडू नये म्हणून रेज टकेट आपल्या बापाच्या चाव्या टेबलावर ठेवायला निघाला होता. आणि बारा वाजता ती त्याला निर्ढावलेला समजली होती.

६

शनिवारी पावणेअकराला सगळे माडीवर जमले. काउंटीची बाई लवकर आली होती, गळ्यात टॉर्च, पायात गमबूट. गाइल्स होता, ब्रेंडा होती, क्लेमंट दाराशी भिंतीला टेकून. रेज रविवारचा कोट घालून आला. चाव्या सुतळीत ओवलेल्या होत्या. त्यानं त्या टेबलावर ठेवल्या आणि हात मागे घेतला.

"उचल त्या, रेज," म्युरियल म्हणाली.

तिचा आवाज पोस्टातला नव्हता. ब्रेंडानं मान वळवून पाहिलं.

"मी काल याच्यावर आळ घेतला. तो खोटा होता. चुना माझ्या नवऱ्यानं फासला, गुरुवारी, आपण यायच्या आधी. ओला असताना दिसला नाही, वाळल्यावर दिसला. का फासला, तर त्याखाली एनॉक व्हिटलॉक आहे. माझा पणजोबा. तो मोठा शेतकरी नव्हता. तो या खोलीत वाढला, गावाच्या पावावर. हे मला वीस वर्षं माहीत होतं आणि मी पुस्तकात खोटं लिहिलं." तिनं टेबलावरच्या चाव्या रेजकडे सरकवल्या.  "रेजला हे सगळं माहीत होतं आणि तो बोलला नाही. चुना कुणी फासला ते मला माहीत नव्हतं आणि मी बोलत सुटले."

 ब्रेंडाचं तोंड उघडं राहिलं होतं, पण त्यातून काही निघालं नाही. गावात ते पहिल्यांदाच घडलं.

"रेज, माझं चुकलं. फार चुकलं."

रेज चाव्यांकडे बघत होता. मग त्यानं खुर्ची ओढून भिंतीपाशी लावली आणि कोटाच्या खिशातून कोरडा मऊ ब्रश काढला.

"कोरड्या भिंतीवर मारलाय," तो काउंटीच्या बाईला म्हणाला. "धरलेलाच नाही. हलक्या हातानं झाडला की पडेल. मिसेस पास्को, माफीचं नंतर बघू. ही खुर्ची डगमगते, तेवढी धरा."

तिनं खुर्ची धरली. भुकटी तिच्या केसांवर, चष्म्यावर, खांद्यांवर पडत राहिली. तिनं ती झटकली नाही. हळूहळू कोळसा वर आला. एक टकेटही निघाला, गावातल्याच पेंगेली घराण्यातले दोघे निघाले. रेजनं ओळीनं झाडत आणलं आणि मग तो खुर्चीवरून उतरला, कारण पुढचं नाव खाली होतं.

म्युरियल गुडघ्यांवर बसली. एनॉक व्हिटलॉक, तीनदा, आणि तीन रेघा. पहिली तिच्या कमरेला लागेल एवढी. दुसरी चार बोटं वर. दुसरी आणि तिसरी यांच्यात एक बोटही शिरत नव्हतं. अख्ख्या वर्षात पोर तेवढंच वाढलं होतं.

क्रॉकरांनी दिलेल्या पावाबद्दल कुणी काही बोललं नाही. ब्रेंडासुद्धा. म्युरियलनं नाव मोठ्यानं वाचलं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं, आणि काउंटीची बाई लिहून घेत गेली.

बाकी सगळं असंच झालं, शपथ घेतली ती उगीच नाही. पॅन्ट खरी, मुरंबा खरा, भिंत तर आजही आहे, जाऊन बघा.

फक्त तो शनिवार मी पदरचा घातलाय. त्या शनिवारी म्युरियल काहीच बोलली नाही. रेजनं चाव्या ठेवल्या, काउंटीची बाई कोरी भिंत बघून परत गेली, आणि म्युरियलनं सगळ्यांना बिस्किटं वाटली. मधे दोन रविवार गेले. दोन्ही रविवारी मोठी घंटा वाजली नाही, आणि सगळं गाव रेजच्या घराकडे न बघता चर्चला गेलं. ती उठून बोलली ती अकराव्या दिवशी. तेव्हा बोलली ती मात्र हेच, याच शब्दांत, आणि भिंत झाडली तीही तेव्हाच. पण अकरा दिवस फार होतात. गोष्टीत ते सांगायचे म्हटले की मला अजूनही जमत नाही.